ऑइलपेंटचे तीन हात

“मग पाणी आलं कुठून?”

सुधन्वाने हे तिसऱ्यांदा विचारलं. आवाज शांत होता. आपल्याला कधीच राग येत नाही, याचा त्याला अभिमान होता.

मठातली ध्यानाची खोली भाताच्या पेंढ्याच्या गाठी रचून बांधली होती. एकाच पावसाळ्यात भिंतीला कुबट वास येऊ लागला होता. कोपऱ्यात, गिलाव्याच्या भेगेतून, अळंबी उगवली होती.

मठाचे प्रमुख भानुबुवा यांनी भेगेत बोटं घातली आणि मूठभर पेंढा ओढून काढला. काळा. चिकट.

“छत गळत नाही,” सुधन्वा म्हणाला. “जोतं दोन फूट उंच आहे. बाहेरून सिमेंट आहे, त्यावर ऑइलपेंटचे तीन हात मी स्वतः दिलेत. बाहेरचा थेंब आत जाणार नाही. म्हणजे पेंढाच ओला होता. चांगुणाबाईंना यापुढे कामाला बोलावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.”

चांगुणाबाई दारातच उभी होती. वीस वर्षं मठाच्या भिंती तीच लिंपत आली होती.

“एकेक गाठ चावून बघितलीय म्या,” ती म्हणाली. “काडी कटकन मोडली, तरच आत घेतली. दोन गाठी माघारी धाडल्या, तवा हसलास. म्हैससुद्धा एवढी चावत नाही, म्हणालास.”

“मी गंमत केली होती.”

“आणि बाहेरची माझी माती खरवडून सिमेंट थापलंस, ती पण गंमतच?”

“बाई, रागाने बोलू नका. ही ध्यानाची जागा आहे.”

“अळंबीची झालीय आता.”

बुवांनी तो काळा पेंढा सुधन्वाच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर ठेवला.

“चाळीस माणसं,” ते ओरडले. “चार महिने, रोज, खिडक्या लावून. काय करत होती इथे?”

“प्राणायाम.”

बुवांनी त्याच्या नाकावरचा चष्मा ओढून काढला. दोन्ही काचांवर तोंडाने श्वास सोडला. चष्मा परत त्याच्या नाकावर बसवला.

सुधन्वाला काही दिसेना…

हळूहळू काचा निवळल्या. समोर भिंत होती.

“म्हणजे आतूनच,” तो पुटपुटला. “श्वासाची वाफ आतल्या मातीच्या गिलाव्यातून भिंतीत शिरली. आणि बाहेर पडायच्या वाटेवर… माझा रंग.”

सुधन्वाने हात जोडले. नेहमीसारखा हसला. “चूक झाली, बाई. क्षमा असावी.”

“ही माफी पण ऑइलपेंटचीच,” चांगुणाबाई म्हणाली.

बुवांनी त्याला भिंतीच्या बाहेरच्या बाजूला नेलं आणि हातात हातोडा दिला.

पहिला घाव त्याने हलकेच घातला. दुसराही. तिसऱ्या घावाला चकचकीत रंगाचा मोठा पोपडा उडाला.

“तुम्हाला ठाऊक होतं,” तो बुवांकडे न बघता म्हणाला.

घाव.

“मी रंग देत होतो, तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. या दगडावर. बघत.”

घाव.

“एक शब्द बोलला नाहीत. सगळे मला शांत म्हणतात. दोन वर्षं मी इथे दात काढून हसतोय, आणि आत नुसती आग… तुम्हाला तेही ठाऊक होतं.”

त्याचा आवाज चिरकला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. चष्मा घामाने घसरून मातीत पडला. उचलायला तो वाकला नाही. घाव घालत राहिला, ओरडत राहिला, आणि त्या ओरडण्यात बुवांना उद्देशून असे शब्द होते, जे त्या मठात कुणी कधी उच्चारले नव्हते.

चांगुणाबाई घाबरून बुवांकडे बघू लागली.

बुवा त्या दगडावर बसले.

“माती भिजव, बाई,” ते म्हणाले. “आता वाळेल.”