काट्याच्या दोन वायरी

मोटारीला हँडल मारावं लागे, त्या काळची ही गोष्ट. दिगंबरपंतांच्या मोटारीतला चार्जिंगचा काटा सारखा उणेकडे झुकायचा. "बॅटरी रिकामी होतेय, डायनॅमोची वायर बघा," तो सांगायचा.

"मी तर खणखणीत वाजतोय," हॉर्न म्हणाला. "काट्याचंच डोकं फिरलंय."

पंतांना हॉर्नचं पटलं. त्यांनी काट्यामागच्या दोन वायरींची अदलाबदल केली. काटा अधिककडे झुकला आणि पंत खूश झाले.

तिसऱ्या दिवशी लेकीच्या साखरपुड्याला जाताना मोटार भर घाटात बंद पडली. हॉर्नमधूनही आवाज फुटेना.

"तू तर सगळं ठीक दाखवत होतास," पंत काट्यावर खेकसले.

"तुम्ही दाखवायला लावलंत ते दाखवलं," काटा शांतपणे म्हणाला. "माझ्या दोन वायरी बदलायला तुम्हाला अर्धा तास लागला. डायनॅमोची एकच तुटली होती."