तीन बांधांची दारं

माणसांनी नकाशे काढले त्याच्याही आधी युरोपातल्या डॅन्यूब नदीवर बीव्हरांची तीन राज्यं होती. बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून नदीला बांध घालणारा प्राणी. कष्टाळू, पण हेकट. तिन्ही राज्यांनी आपापल्या बांधात माशांसाठी दार ठेवलं होतं, पण ते कधी उघडायचं हे एकमेकांना न विचारता ठरवलं होतं.

एक मासोळी अंडी घालायला वरच्या उथळ पाण्याकडे निघाली. खालचं दार वसंतात उघडलं, तशी ती पार झाली आणि मधल्या बंद दारावर जाऊन आपटली.

"पानगळीत ये," मधला म्होरक्या म्हणाला. "दरवर्षी तेव्हा दार उघडून बसतो, पण एक मासा फिरकत नाही. आळशी झालात सगळे."

"पानगळीत खालचं दार बंद असतं, मेल्या. आम्ही काय उडत येऊ? आणि तोवर ही अंडी तुझ्या डोक्यावर ठेवू?"

"खालचं राज्य परकं. त्यांना कोण विचारणार?"

"पुराचं पाणी त्यांच्याकडे ढकलताना बरं परकं वाटत नाही."

म्होरक्या ओशाळला. त्याने दार उघडलं आणि मासोळीच्या पुढे पोहत जाऊन, जन्मात पहिल्यांदा, वरच्या राज्याचं दार ठोठावलं. तिथला म्होरक्या आधी गुरगुरला, मग मासोळीचं अंड्यांनी फुगलेलं पोट बघून दार उघडून बाजूला झाला. अंडी उथळ पाण्यात सुखरूप पडली.

तेव्हापासून दर वसंतात तिघे म्होरके एका काठावर जमतात आणि कुणाचं दार देखणं यावरून कडाडून भांडतात. पण आधी तिन्ही दारं उघडतात, मग भांडतात.