खंडूच्या फळीवरचं पिल्लू

फार जुन्या काळची नव्हे, पण आता शपथेवर सांगायला कुणी उरलेलं नाही, एवढी जुनी ही गोष्ट आहे. एका खाडीच्या काठी एक होडीवाला राहत होता. अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांमध्ये पूल नव्हता, होती ती त्याची होडी. बायको लवकर गेली. मुलगी कुंदा लग्न होऊन पलीकडच्या गावी नांदायला गेली. घरात उरले दोघंच, होडीवाला आणि त्याचा कुत्रा खंडू.

खंडू साधा गावठी कुत्रा होता, तांबडा, एक कान कायमचा दुमडलेला. तेरा वर्षं त्याने होडीच्या पुढच्या फळीवर बसून खाडी पार केली. पाणी त्याला मुळीच आवडत नसे. पाऊल ओलं झालं तरी झटकत राहायचा. होडी काठाला लागली की दोनदा भुंकायचा आणि उतारू म्हणायचे, "चला, खंडूने उतरायला सांगितलं." होडीवाला माणसांशी कमी बोलायचा. वारा कुठून आहे, गुडघा किती दुखतोय, भाकरी कशी करपली, हे सगळं तो खंडूला सांगायचा.

तेराव्या वर्षी खंडूचे मागचे पाय गेले. मग होडीवाला त्याला रोज उचलून फळीवर ठेवायचा. एका सकाळी उचलायला वाकला तर अंग गार लागलं. काठावरच्या उंडीच्या झाडाखाली त्याने खड्डा खणला. खड्डा झाला, पण वर माती लोटायला हात उठेना. पलीकडचे उतारू हाका मारून थकले आणि त्या दिवशी परत गेले.

त्यानंतर होडीवाला होडी चालवत राहिला, एवढंच. चूल एक दिवस पेटायची, दोन दिवस नाही. बोलायला कुणी नव्हतं म्हणून बोलणं थांबलं. होडी काठाला लागली तरी तो क्षणभर वल्हं धरून तसाच बसायचा, भुंकण्याची वाट पाहत. उतारूंना ते कळायचं. तेही मुकाट्याने उतरायचे.

दोन महिन्यांनी कुंदा आली. तिच्या हातात टोपली होती आणि टोपलीत एक पिल्लू. सायीच्या रंगाचं, जाड पंजांचं, कान मऊ आणि मोठे.

"बाबा, आमच्या गावच्या डॉक्टरांकडे लॅब्राडॉर कुत्री व्यालीय," ती म्हणाली. "त्यातलं हे. दोन महिन्यांचं आहे."

"परत ने."

"आठ दिवस ठेवा. नाहीच जमलं तर मी घेऊन जाईन."

"कुंदे, मला कुत्रा नकोय. मला खंडू हवाय."

कुंदाने टोपली खाली ठेवली. ती खाली मान घालून बसली. पिल्लू मात्र टोपलीतून बाहेर पडलं, धडपडत होडीवाल्याच्या पायापाशी आलं आणि त्याच्या पावलावर हनुवटी टेकून झोपी गेलं. होडीवाल्याने पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी हलवला नाही. कुंदाने ते पाहिलं आणि रिकामी टोपली घेऊन ती घरी गेली. तिला वाटलं, आता सगळं बरं होईल.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्याने खुंटीवरचा खंडूचा पट्टा काढला. पिल्लाच्या मानेला तो फार मोठा होता. खिळा तापवून त्याने पट्ट्याला नवीन भोक पाडलं आणि पट्टा पिल्लाच्या गळ्यात बांधला. मग खंडूचं गोणपाट होडीच्या पुढच्या फळीवर पसरलं, पिल्लाला त्यावर ठेवलं आणि म्हणाला, "बस, खंडू."

पिल्लू बसलं नाही. त्याने पाण्याकडे पाहिलं, शेपूट हलवली आणि उडी मारली.

होडीवाल्याने वल्हं टाकून हात पुढे केला. पण पिल्लू बुडालं नाही. कुणी शिकवलेलं नसताना नाक वर धरून ते मजेत पोहत होतं. या जातीच्या कुत्र्यांना पाण्याचं वेडच असतं. होडीतले उतारू हसले. होडीवाल्याने मानगूट धरून पिल्लाला वर घेतलं, त्याच्या नाकावर चापट मारली आणि म्हणाला, "खंडू असं करत नसे."

हे वाक्य पिल्लाने पुढे किती वेळा ऐकलं याला गणती नाही. काठ आल्यावर ते भुंकलं नाही, तेव्हा ऐकलं. अनोळखी माणसाच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा ऐकलं. भाकरी बाजूला सारून माशाचं डोकं पळवलं, तेव्हाही ऐकलं. आणि पाण्यात उडी मारली की वाक्यासोबत दोरीचं टोकही पाठीवर बसायचं. होडीवाला मुळात दुष्ट नव्हता. खंडूवर त्याने जन्मात हात उगारला नव्हता. पण या पिल्लाची प्रत्येक खोडी त्याला एकच गोष्ट सांगायची, की खंडू मेला. ते ऐकवत नसे म्हणून तो मारायचा.

आठवड्यातून एकदा एक कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन त्याच्या होडीतून जायची. गावोगाव फिरलेली, बोलायला मोकळी बाई. एकदा तिने पिल्लाचा गळा खाजवत विचारलं, "दादा, याचं नाव काय?"

"खंडू."

"ते त्याचं नाव. याचं काय?"

"हाच खंडू."

"तसं नसतं हो दादा. माझी धाकटी गेली, त्यानंतर घरात पुतणी आली. पहिले काही दिवस मीही तिला धाकटीच्या नावाने हाक मारायचे. एकदा ती मला म्हणाली, काकू, ती येईपर्यंत मी इथे राहू का?" कासारणीने पेटी मांडीवर ओढली. "त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर पाहिलीच नव्हती."

होडीवाला वल्हं मारत राहिला. काठ आल्यावर म्हणाला, "उतरा."

वर्ष उलटलं. पिल्लाचा मोठा, देखणा कुत्रा झाला. आणि होडीवाल्याला हवं होतं ते सगळं घडून आलं. कुत्रा पुढच्या फळीवर बसायचा आणि हलायचा नाही. पाण्याकडे पाहायचा नाही. काठ आला की दोनदा भुंकायचा. उतारू म्हणू लागले, "अगदी खंडूच बसलाय." होडीवाल्याने चूल रोज पेटवायला सुरुवात केली. तो पुन्हा बोलू लागला, वाऱ्याबद्दल, गुडघ्याबद्दल.

फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात यायची आणि तो ती बाजूला सारायचा. खंडू म्हणून हाक मारली की कुत्रा धावत येत नसे. आधी अंग चोरायचा, पोट जमिनीला लावायचा आणि तिथेच पडून राहायचा. मार संपण्याची वाट पाहावी तसा.

एकदा उन्हाच्या वेळी होडीवाला उतारूंना पलीकडे सोडून रिकामी होडी घेऊन परतत होता. होडीत तो आणि कुत्रा दोघंच. ओहोटी जोरात लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. मधोमध आल्यावर वल्हं ज्या दोरीत अडकवलेलं असतं ती दोरी तुटली. होडीवाला सगळा भार टाकून वल्हं ओढत होता, तो तोल जाऊन पाण्यात पडला. वर आला तेव्हा होडी त्याच्यापासून पंधरा हात लांब गेली होती.

तो पोहला, पण वय झालं होतं. दम तुटला तसा त्याने मासेमारीच्या जाळ्यासाठी रोवलेला एक खांब गाठला आणि त्याला मिठी मारली. होडी वाहत चालली होती. खाडीच्या तोंडाशी खडक होते आणि खडकांवर लाटा फुटत होत्या.

कुत्रा फळीवर उभा होता. त्याने होडीच्या कडेवर पुढचे दोन्ही पाय ठेवले होते आणि तो होडीवाल्याकडे पाहत होता. त्याचं सगळं अंग पुढे झुकलं होतं. एवढं अंतर तो सहज पोहून आला असता. त्याला फक्त कुणीतरी 'ये' म्हणायला हवं होतं.

"खंडू, ये," होडीवाला ओरडला. "उडी मार, खंडू. खंडू."

तो भीतीने ओरडत होता. पण त्याचा घाबरलेला आवाज आणि रागावलेला आवाज सारखाच होता. कुत्र्याने पाय आत घेतले. तो फळीवर आडवा झाला, पोट लाकडाला चिकटवलं, आणि तसाच पडून राहिला.

होडीवाला जितकं ओरडत गेला, तितका कुत्रा अंग चोरत गेला. दुसऱ्या कुठल्याही नावाने त्याला बोलावता आलं असतं. दुसरं नावच नव्हतं. होडी लहान होत गेली, खडकांच्या आड वळली आणि दिसेनाशी झाली.

मच्छीमारांनी होडीवाल्याला खांबावरून सोडवून आणलं. मग ते खाडीच्या तोंडापर्यंत शोधून आले. दोन फुटक्या फळ्या मिळाल्या आणि ओलं गोणपाट. दुसरं काही नाही.

गावाने दुसरी होडी दिली आणि तिच्यावर दुसरा माणूस बसला. होडीवाला आता नुसता काठावर बसायचा. कुंदा आली, "आमच्याकडे चला" म्हणाली, तो गेला नाही. खंडू गेला तेव्हा तो रडला तरी होता. आता तेही जमत नव्हतं. खंडूला म्हातारपणाने नेलं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. या कुत्र्याला त्याने स्वतः फळीवर शिकवून बसवलं होतं. रात्रंदिवस तो एकच आठवायचा प्रयत्न करायचा, की हे पिल्लू कसं होतं. त्याला काय आवडायचं, ते कसं भुंकायचं, ते झोपेत पाय हलवायचं का. त्याला काहीच आठवेना. वर्षभर जवळ असून त्याने ते पाहिलंच नव्हतं. एवढंच आठवायचं, की पहिल्या दिवशी ते त्याच्या पावलावर झोपलं होतं.

चार महिने असे गेले. मग एक दिवस कासारीण येऊन त्याच्यासमोर बसली.

"दादा, खडकाच्या पलीकडे, किनाऱ्याने दिवसभर चाललं की कोळ्यांची एक वाडी लागते. तिथल्या एका कोळणीकडे सायीच्या रंगाचा कुत्रा पाहिला. वादळात सापडल्यासारखा किनाऱ्याला लागला होता म्हणे. गळ्यात पट्टा होता, जुना, भोक पाडलेला."

होडीवाला उठला. त्याने कुंदाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक निघाले आणि दिवस कलता कलता वाडीवर पोचले.

कोळीण दारात जाळं दुरुस्त करत होती. कुंदाने सगळं सांगितलं. कोळणीने ऐकून घेतलं आणि जाळं बाजूला ठेवलं.

"तुमचा असेल तर न्या," ती म्हणाली. "जीव लागलाय माझा, पण न्या. आला तेव्हा फार भेदरलेला होता. हात उचलला की आडवा व्हायचा. पाण्याजवळ यायला त्याला दोन महिने लागले. मी रोज गुडघाभर पाण्यात जाऊन बसायचे. बोलवायचे नाही. एक दिवस आपणहून आला."

"नाव काय ठेवलंत?" होडीवाल्याने विचारलं.

"लोण्या."

"हाकेला येतो?"

"हाक पुरी व्हायच्या आत येतो." तिने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "तो बघा."

कुत्रा लाटांमध्ये होता. लाट आली की तिच्यावर झेप घ्यायचा, आत जायचा, पलीकडून डोकं वर काढायचा आणि भुंकायचा. दोनदा नाही, मनाला येईल तितक्यांदा. होडीवाल्याने त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. तो वाळूत उतरला आणि हळूहळू पुढे गेला. त्याने हाक मारली नाही. ओठांवर आलेलं नाव त्याने गिळलं, आणि दुसरं नाव घ्यायचा आपल्याला हक्क नाही हे त्याला कळत होतं. तो नुसता उभा राहिला.

कुत्रा पाण्यातून बाहेर आला, अंग झटकलं. वारा होडीवाल्याच्या पाठीमागून वाहत होता. कुत्र्याने नाक वर केलं. त्याला वास आला.

त्याची शेपूट खाली गेली. तो जागच्या जागी बसला, मग आडवा झाला, पोट वाळूला लावलं आणि डोळे मिटले.

होडीवाला काही वेळ पाहत राहिला. जवळ जाऊन त्या ओल्या डोक्यावरून एकदा हात फिरवावा असं त्याला फार वाटलं. पण हात उचलला तर काय होईल हे त्याला आता माहीत होतं. तो पाहत असेपर्यंत कुत्रा उठणार नव्हता. म्हणून त्याने पाठ फिरवली आणि तो चालू लागला.

"बाबा, तो तुमचाच आहे," कुंदा मागून आली. "थोडे दिवस लागतील, मग ओळखेल."

"ओळखलं ना त्याने," होडीवाला म्हणाला. "म्हणून तर आडवा झाला."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. होडीवाला कोळणीपाशी थांबला. "मला तो पट्टा तेवढा द्या," तो म्हणाला. "तो त्याचा नाही."

कोळणीने पट्टा आणून दिला. होडीवाल्याने तो हातात गुंडाळून घेतला. वाडीच्या टोकाला वळताना मागून कोळणीची हाक ऐकू आली, लोण्या, आणि लगेच ओल्या वाळूवर धावत्या पायांचा आवाज. त्याने मागे वळून पाहिलं नाही. घर अजून दिवसभराच्या वाटेवर होतं, आणि घरी कुणी नव्हतं.

तात्पर्य एवढंच: गेलेल्याची जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी. जो नव्याने दारात येतो त्याला त्याची स्वतःची जागा आणि स्वतःचं नाव द्यावं, आणि ते वेळेवर द्यावं.