टाळूचे दात

त्या दिवशी वारा पडला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, पाणी कोमट आणि गढूळ. खाडीच्या तोंडाशी लाटसुद्धा कंटाळल्यासारखी येत होती. अशा हवेत मासे गप पडून राहतात. शिंगाळ्यांनी मात्र सभा भरवली होती.

शिंगाळे सगळे सारखेच. बिनखवल्यांचं गुळगुळीत अंग, तोंडाला मिशा, पाठीवर विषारी काटा. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. पण त्यांचा डोह गाळानं भरत चालला, जागा अपुरी पडू लागली, आणि त्यांच्या पाटलांना एकाएकी उमजलं की आपण काही एका जातीचे नव्हेत. फरक बाहेर सापडेना, म्हणून त्यांनी तो आत शोधला. कुणाच्या टाळूवर दातांचे दोन चट्टे होते, कुणाच्या चार. दोनवाले अस्सल ठरले. पाटलांचे दोन होते, हे सांगायला नको. इतके दिवस त्या सगळ्याच दातांनी एकच चिखल चघळला होता, एवढं मात्र कुणाला आठवलं नाही.

दिवस अंड्यांचे होते. शिंगाळ्यांत रीत अशी, की आई अंडी घालते आणि बाप ती तोंडात सांभाळतो. पोरं पोहायला लागेपर्यंत तो काही खात नाही. धाकूच्या बायकोनं, हौसानं, अंडी त्याच्या तोंडात सोपवून निघताना त्याला बजावलं होतं, "भूक लागली की तुला कशाची शुद्ध राहत नाही. गिळू नकोस, म्हणजे झालं." तेव्हापासून धाकू उपाशी होता. गाल फुगलेले, अंग काटकीसारखं.

"तोंड उघडा, टाळू दाखवा, डोहात जा," पाटलांनी हुकूम सोडला.

पहिला बाबल्या. त्याचेही गाल भरलेले. पण मान मोठा. त्यानं आ वासला आणि गोट्यांएवढी अंडी घरंगळत खाली गेली. पाटलांनी वर टाळूकडे पाहिलं. खाली पाटलांचे भाऊबंद उभे होते, त्यांनी अंड्यांकडे पाहिलं, आणि मग अंडी दिसली नाहीत.

"दोन! अस्सल!"

"अहो, पण माझी..."

"पुढं सर रे, मागं रांग आहे."

एकानं उघडलं म्हणून दुसऱ्यानं उघडलं. न उघडावं तर लोक काय म्हणतील!

धाकूची पाळी आली. आपले चट्टे किती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपली टाळू आपल्याला कधी दिसते? त्यानं नुसती मान हलवली.

"बघा, लपवतोय!"

"चारवाला असणार, मी आधीच म्हटलं होतं."

"काय रे धाकू, दातखीळ बसली का?"

सगळे हसले. धाकूच्या जिभेवर उत्तर होतं, पण जिभेवर जागा नव्हती. तिथं काहीतरी नुकतंच वळवळलं होतं. त्यानं तोंड आणखी घट्ट मिटलं.

"तोंड उघडत नाही त्याला जात नाही," पाटील म्हणाले. मग काटे टोचत टोचत त्याला काठच्या तिवरांच्या झाडांखालच्या चिखलात हाकललं. तिथं ओहोटीला पाठ बुडेल एवढंही पाणी उरत नाही, आणि बगळे उभेच असतात.

तिथं रखमाय नावाची म्हातारी चिंबोरी राहत होती. तिनं काही विचारलं नाही. नांग्यांनी चिखल उकरून एक खळगा केला आणि म्हणाली, "इथं पड. पाणी टिकेल."

डोहात आता सगळे तपासलेले होते. जागा ऐसपैस झाली. पाटलांचे भाऊबंद गुबगुबीत झाले. दगडाआड लपणारं, शेवाळात घुसणारं, कुणाची मिशी ओढून पळणारं असं मात्र तिथं कुणीच नव्हतं.

मग एका भरतीला धाकूनं तोंड उघडलं. आतून इवल्या मिशांची पोरं निघाली, एक, आणखी एक, मग झुंबड. बगळ्याची सावली पडली तशी सगळी परत आत शिरली.

बातमी ऐकून पाटील धापा टाकत आले. "उघडलं ना? उघडलं ना तोंड? रखमाय, तू समोरच होतीस. दोन की चार?"

रखमायनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती धाकूजवळ सरकली.

"मिटू नकोस रे बाबा इतक्यात. एक धाकटं बाहेरच राहिलंय."