बिनवायरची करवत

“…आणि बारा व्होल्टची घेतली तर?”

 बाबालाल वस्ताद हॅक्सॉच्या, हातानं घासायच्या करवतीच्या, पात्याला तेल लावत होते.

“अठराची घ्यावी तर वजन वाढतंय. बाराची हलकी हाय, पण दीड इंचाच्या वरचा पाइप तिच्या तोंडात बसत न्हाई. तिरका काप मारायचा म्हटलं तर दीड इंचीबी अडतोय. आणि पात्याला दात किती घ्यावेत? इंचाला अठरा, का चोवीस?”

“तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो… दोन्हीतबी खोट हाय.”

वस्तादांनी मान हलवली आणि पुन्हा तेल लावायला घेतलं.

कुपवाडला वस्तादांची फॅब्रिकेशनची शेड. दारं, खिडक्या, जिने, कठडे, सगळं लोखंडी काम तिथं होत असे. विचारणारा संताजी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. आसपासच्या शेडांत त्याच्यासारखा सरळ काप मारणारा कुणी नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणायचं विसरले, तर संताजी स्वतः आठवण करून देई.

अशा या संताजीला तीन महिने झाले, एक करवत निवडता येत नव्हती. हातात धरायचा छोटा बँडसॉ, बॅटरीवर चालणारा. त्याचं पट्टीसारखं पातं गोल फिरत राहतं आणि लोखंड कापतं. संताजीनं व्हिडिओ बघितले, चार दुकानं पालथी घातली, वहीत तक्ते केले. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं प्रत्येक करवतीत त्याला काहीतरी वावगं सापडे.

सोमवारपासून मिरजेत एका वृद्धाश्रमाच्या जिन्याला कठडा बसवायचा होता. पाइप तिथंच कापायचे होते. आणि हा शनिवार होता. शेडला सुट्टी, दोघांखेरीज कुणी नाही.

“ग्राइंडर हाय की आपल्याकडं,” वस्ताद म्हणाले.

“ठिणग्या उडत्यात. म्हातारी, आजारी माणसं हायेत तिथं. आवाज सोसायचा न्हाई त्यांना.”

“मग करवत घे.”

“तेच तर विचारतोय. कुठली?”

“कुठलीबी.”

“असं कसं वस्ताद! कुठलीबी घेऊन चालंल का?”

वस्तादांनी पातं फडक्यानं पुसलं, खुंटीला लावलं.

“संताजी, त्या ग्राइंडरचं चाक झिजलंय. तेवढं बदलून दे.”

गरगरत्या चाकानं लोखंड कापणारा ग्राइंडर टेबलावर पडला होता. प्लग काढलेला, वायर गुंडाळलेली. संताजी उठला. दोन पावलं गेला. हात पुढं केला…

हात तिथंच राहिला.

“पाना कुठं हाय?” त्यानं विचारलं.

पाना ग्राइंडरच्या वायरीलाच बांधलेला होता. दोघांनाही दिसत होता.

“खंडेनवमीला,” वस्ताद हळूच म्हणाले, “सगळ्या हत्यारांना तू हळदकुंकू लावलंस. ड्रिलला लावलंस, वेल्डिंगला लावलंस, त्या गंजक्या पकडीलासुद्धा लावलंस. ग्राइंडरवर मात्र लांबनंच फूल टाकलंस.”

संताजी स्टुलावर बसला.



“श्रावणात चाक फुटलं, ठाऊक हाय न्हवं तुम्हाला?” तो म्हणाला.

“हाय की. दारात रुतलेला तुकडा मीच उपसून काढला.”

“माझ्या कानाजवळनं गेला तो. केससुद्धा तुटला न्हाई. सगळी पळत आली. मी हसलो. काय न्हाई, काय न्हाई म्हणत चहा प्यालो.”

“मग?”

“मग काय… लागलं असतं तर बरं झालं असतं वस्ताद. पट्टी बांधली असती, आठ दिवस घरात बसलो असतो, कुणी काय म्हणालं नसतं. पण लागलंच न्हाई आणि माणूस भितोय, तर त्याला काय म्हणायचं?”

आता त्याला थांबवत नव्हतं.

“रोज कायतरी निमित्त काढतोय. वेल्डिंगला बसतोय, माप घ्यायला जातोय. मेव्हण्याला विचारून ठेवलंय, टेम्पोवर ड्रायव्हर पाहिजे का म्हणून. सोमवारी शेडमधल्या पोरांच्या म्होरं हात थरथरला तर तिथंच संपलं सगळं. अकरा वर्षं शिकलो, ते…”

 मनातली गोष्ट बाहेर पडली होती, आणि ती करवतीची नव्हती.

वस्तादांनी खिशातला खडू काढला, बोटांत फिरवला.

“अकरा वर्षांत माझ्या हातात ग्राइंडर कितीदा बघितलास?”

संताजी आठवू लागला.

वस्ताद माप घेत. खडूनं खूण करत. बारीकसारीक काप हॅक्सॉनं घासत बसत. ग्राइंडरच्या चाकावरचा गार्ड कुणी काढलेला दिसला, की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. म्हातारं जुनं खोड आहे, त्याला मशीन झेपत नाही, असं शेडमधले सगळे म्हणत. चहाच्या गाड्यावर वस्तादांची हॅक्सॉ घासायची नक्कल संताजीच सगळ्यांत चांगली करी. आता त्याला त्याची लाज वाटली.

“एकदाबी न्हाई,” तो म्हणाला.

“सत्त्याण्णव साली जयसिंगपुरात फुटलं होतं. मलाबी काय लागलं न्हवतं.”

संताजीनं मान वर केली.

“हसून चहाबी प्यालो होतो.”

संताजी त्यांच्याकडं बघत राहिला. ज्यांच्या एका हाकेनं तीन शेडांतले गडी ताठ उभे राहत, ते हेच.

वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या कपाटामागं हात घातला, पुठ्ठे बाजूला सारले आणि गव्हाच्या पिठाची एक रिकामी पिशवी ओढून काढली. पिशवीतून निघाला एक छोटा बँडसॉ. बॅटरी लावलेला, पातं चढवलेलं.

“ही… कधी घेतली?”

“आषाढात.”

“आणि आम्हाला दाखवली न्हाई?”

“तुम्ही हसाल म्हणून.” वस्ताद जरा ओशाळले. “तुम्ही जेवायला गेला की चार्जिंगला लावायचो.”

संताजीला हसू फुटलं. आधी दाबून, मग दाबेना म्हणून मोकळं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं आणि पुन्हा हसला. वस्तादही हसले.

“बारा व्होल्टची का अठराची?” संताजीनं विचारलं. मेलं तरी सवय जात नाही.

“बारीक अक्षर वाचता येत न्हाई मला. दुकानात उचलली, चालू केली. हात थरथरला न्हाई. घेऊन आलो.”

त्यांनी दीड इंची पाइप टेबलावरच्या व्हाइसच्या शिकंज्यात आवळला आणि ते बाजूला झाले.

संताजीनं करवत उचलली. दोन्ही हातांनी धरली. पातं पाइपाला टेकवलं… बटण दाबलं.

शिलाई मशीनसारखा आवाज झाला. ठिणगी नाही, किंकाळी नाही. पातं आपल्या चालीनं पाइपात उतरत गेलं. पायावर थोडा कीस पडला. सुरुवातीला संताजीचे खांदे कानाला लागले होते, काप निम्म्यावर आला तसे ते खाली आले. तुकडा टेबलावर पडला. त्यानं तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. काप सरळ होता.

त्यानं लांब श्वास सोडला. तीन महिने तो छातीत अडकून होता.

मग त्यानं आणखी एक काप मारला. मग आणखी एक.

“बाबा रं, तो पाइप कठड्याला लागणार हाय,” वस्ताद म्हणाले.

संताजी थांबला. करवत खाली ठेवताना त्याला ती ठेववत नव्हती.

“तिरका काप कसा मारायचा हिच्यात?”

“निम्मा हिकडनं, निम्मा तिकडनं. वरनं कानस मार.”

एवढं सोपं होतं. वहीतल्या तक्त्यांत ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“सोमवारी हीच ने,” वस्ताद म्हणाले. “आणि कुणी विचारलं तर म्हाताऱ्याची हाय म्हणून सांग. हसायचं ते मला हसतील.”

“न्हाई,” संताजी म्हणाला. जरा विचार करून म्हणाला. “मला ग्राइंडरचं भ्या वाटतं, म्हणून आणली, असं सांगीन.”

वस्तादांनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि झाडू हातात घेतला.

संताजीनं करवत पिठाच्या पिशवीत गुंडाळली, काखेत मारली. मेव्हण्याला फोन करून टेम्पोचं नको म्हणून सांगायचं त्यानं मनाशी ठरवलंही होतं. दारापर्यंत गेला आणि वळला.

“वस्ताद… हे भ्या कधी जातंय का?”

वस्ताद खाली पडलेला कीस झाडूनं गोळा करत होते.

“गेलं की मला येऊन सांग,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुझ्या हातातलं हत्यार काढून घेतो.”