शेंगांची टरफलं

“...एवढं सांगूनही लोक ऐकत का नाहीत, बुवा?”

बागेला लागून असलेल्या मठाच्या ओट्यावर नारायणबुवा बसले होते. समोर दिगंबरपंत उभे. हातात त्यांच्याच स्वच्छता मोहिमेचा फलक, चिखलाने माखलेला, कुणाच्या तरी चपलेचा ठसा उमटलेला. फलकावर पंतांच्या मनूचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘माझी बाग स्वच्छ ठेवा.’

मनू लहानपणीच तापाने गेली. एकुलती एक पोर. तेव्हापासून पंतांनी या बागेचा ध्यास घेतला. फलक लावले, पथनाट्यं बसवली, शाळाशाळांतून मुलांना शपथा दिल्या, कर्ण्यावरून घसा बसेपर्यंत ओरडले. हारतुरे मिळाले, पेपरात नाव आलं. कचरा मात्र होता तिथेच. आज रविवारची गर्दी पांगल्यावर नळापाशी चिखलात, भेळेच्या कागदांत हा फलक दिसला आणि तो उचलून ते थेट मठात आले.

सगळं त्यांनी बुवांच्या कानावर घातलं. लोकांना लाज उरली नाही, यांना दंडच हवा, असंही बोलून घेतलं.

बुवांनी फलक मागून घेतला. उपरण्याने पुसला. त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

“बागेत आली की काय खायची?”

“भुईमुगाच्या शेंगा.”

“आणि टरफलं?”



“बाकाखाली,” पंत हळूच म्हणाले. “बडबड करता करता टाकत जायची. सांगून सांगून दमलो. ऐकायचीच नाही.”

“मग?”

“मग काय... मीच उचलायचो. सदऱ्याच्या खिशात भरायचो. घरी गेल्यावर तिच्या आईची बोलणी खायचो.”

पंतांना हसू आलं.

“राग नाही यायचा?”

“तिचा...?”



बुवा ओट्यावरून उतरले. बागेत गेले, जवळच्या बाकाशी गुडघे टेकून वाकले. परत आले ते ओंजळ भरून. आज कुणीतरी खाऊन टाकलेली शेंगांची टरफलं होती ती.

पंत बघतच राहिले. मग कधी कोण जाणे, त्यांचा हात सदऱ्याकडे गेला आणि त्यांनी खिसा उघडून धरला.

बुवांनी ओंजळ त्यात रिती केली.

“आजही टाकून गेली बघ.”