सूताने गाळलेला नावाडी

फार पूर्वी, बारमाही धुके पांघरून बसलेल्या एका नदीकाठच्या राज्यात एक सूत राहत असे. सूत म्हणजे राजांची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. दरवर्षी अभिषेकाच्या दिवशी तो दरबारात संथपणे नावे घेऊ लागला, की ऐकणाऱ्यांचे डोळे जड होत आणि गेलेली माणसे एकेक करून आत येताहेत असे वाटे.

राजाचे आजोबा वेतस साधे नावाडी होते. महापुरात त्यांनी सगळे गाव पैलतीरी नेले आणि शेवटच्या खेपेला नावेसकट वाहून गेले. लोकांनी उपकार स्मरून त्यांच्या मुलाला राजा केले. तो आता थकला होता. गादी त्याने आपल्या मुलाला दिली होती.

यंदा त्याच दिवशी राजकन्येला बघायला बड्या घराण्यातले पाहुणे यायचे होते. राजाने सूताला बोलावले.

"पाहुण्यांपुढे नावाडी नको. आजोबांच्या जागी सूर्य घाल."

"महाराज, आमच्या सात पिढ्यांनी किती घराण्यांच्या वंशावळी सांगितल्या, पण कुणी एकही नाव गाळलेलं नाही."

"मग मी दुसरा सूत बघतो."

या कामाखेरीज सूताला दुसरे काही येत नव्हते. तो हो म्हणाला आणि घरी जाऊन जेवलाच नाही.

दरबार भरला. सूताने वेतसाच्या जागी सूर्य म्हटले. राजाचे वडील, थोरले महाराज, डोळे मिटून बसले होते. अलीकडे त्यांना माणसे ओळखू येत नसत, फक्त वडिलांचे नाव कानी पडले की चेहरा उजळे. ते दचकून उठले.

"अरे, माझ्या बाबांचं नाव कुठे गेलं?"

ते खिडकीशी गेले आणि धुक्यात हाका मारू लागले, "बाबा! ओ बाबा!" मग रडवेले होऊन वळले. "बाबांची नाव बुडाली रे! कुणी बुडवली?"

सूताला राहवेना. काय व्हायचे ते होवो! "मी बुडवली, महाराज. तुम्ही सूर्याचे नव्हे, महापुरात सगळं गाव तारून स्वतः वाहून गेलेल्या वेतस नावाड्याचे पुत्र!"

पाहुणे चपापले. राजाची मान खाली गेली.

"त्याने नाही, मी बुडवली," राजा म्हणाला. "सूता, पुन्हा सांग. पहिल्यापासून."

पाहुण्यांतले वडीलधारे हात जोडून उभे राहिले. "असा आजोबा आमच्या वंशात असता, तर आम्ही आधी त्याचंच नाव घेतलं असतं. सोयरीक पक्की समजा."

राजाने वडिलांना हात धरून शेजारी बसवले. वेतसाचे नाव आले तसे म्हाताऱ्याने हळूच विचारले, "आले का रे बाबा?"

"आले," राजा म्हणाला.

तात्पर्य: ज्याने आपल्याला पैलतीरी आणले, त्याचे नाव लपवणे म्हणजे त्याला आपल्याच हाताने पुन्हा बुडवणे.